मागून ओ देणारी

अण्णांचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या पुलावर कॅबमध्ये अडकले होते. "शारदा गेली," एवढंच हॉर्नच्या गोंगाटातून ऐकू आलं. सकाळी कट्ट्यावर बसली ती उठलीच नाही. आता महिना होऊन गेला त्याला.

शारदाक्का माझी घरमालकीण. पुण्याहून नोकरीसाठी आले तेव्हा येलहंक्यात तिच्या घरावरची खोली भाड्याने घेतली आणि तीन वर्षं राहिले. ती आणि तिचे यजमान अण्णा विजापूरकडचे, घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. मूलबाळ नव्हतं. पहिल्याच वर्षी येळ्ळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, तिनं मला विचारलंही नाही, थेट गावाकडचं माझंही तिकीट काढलं. "चार दिस रजा टाक. शेतात जेवायला जायाचं हाय." मला वाटलं, सहल असेल. पाहते तो अख्खं गाव बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन शिवारात निघालेलं! बांधावरच्या झाडाखाली पाच दगडांना चुना लावून पूजा झाली. सज्जीची म्हणजे बाजरीची भाकरी, भरली वांगी, शेंगांची पोळी असा नैवेद्य. पण आधी जेवायचं शेतानं. त्याला म्हणतात चरगा. एकानं पुढे चालत पिकात अन्न उधळायचं आणि भूमीला हाक द्यायची. दुसऱ्यानं मागून पाणी शिंपडत तिच्या वतीनं ओ द्यायची. अक्कानं पितळी तांब्या माझ्या हातात दिला. हाकेचे शब्द जुन्या कानडीतले, माझी जीभ वळेना. "तू नुसतं ओ म्हण. भूमीला मराठी कळतंय की." मी लाजत म्हटलं. ती गर्रकन वळली. "अगं, हापिसातला फोन उचलल्यागत काय बोलालीस? जोरात दे!" सगळं शिवार हसलं. तिन्ही वर्षं मागून ओ देणारी मीच होते, आणि तीन वर्षांत माझा आवाज काही सुधारला नाही. ती चारचौघांत माझी नक्कल करून दाखवायची. मला राग यायचा, आणि आतून बरंही वाटायचं.

मग नोकरी बदलली, मी कोरमंगलाला राहायला गेले. शहर एकच, पण मधे दोन तासांचा ट्रॅफिक, आणि निमित्तांना काय तोटा? यंदा अमावास्येला रजा मिळत नव्हती. खरं सांगायचं तर मी मागितलीच नव्हती. त्या दिवशी दुपारी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. मी कापला. "अक्का, पुढच्या वर्षी नक्की," असा मेसेज टाकला. तिनं अंगठा पाठवला. परत फोन करायचा राहून गेला... राहून गेला म्हणजे मी केला नाही.

बाराव्याला येलहंक्याला गेले. माणसं पांगल्यावर अण्णांना विचारलं, त्या दिवशी तिनं फोन कशाला केला होता? "चरग्याला उभी होती. तू फोनवरनं ओ देशील म्हणाली. तू उचलला नाहीस. मी म्हटलं, मी देतो. नको म्हणाली. तांब्या एका हातात घेतला, चार पावलं गेली, हाक दिली... मग मागं वळून तुझ्यासारखा बारीक आवाज काढून आपणच ओ म्हणाली. हसली सुद्धा." मी तिथंच भिंतीला टेकून रडले. अण्णांनी आतून तांब्या आणला आणि माझ्या पिशवीत घातला.

तो आता माझ्या खिडकीत असतो. बुडाला शेतातली काळी माती चिकटलेली आहे, घासायला हात धजत नाही. सकाळी त्यातूनच कुंड्यांना पाणी घालते. घालताना ओ देते, अगदी खणखणीत, शेजारची खिडकी उघडेल इतक्या जोरात. पुढं हाक देणारं कुणी नसतं.