हार फोल्डरमधली फाइल

इथले भुताखेतांचे अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. धंदा फोटोग्राफीचा. 'फोटोत मागं कुणीतरी उभं दिसतंय' म्हणत घाबरीघुबरी होऊन निगेटिव्ह घेऊन येणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. प्रत्येकाला एकच सांगितलं — बाबा, रोलमध्ये उजेड शिरलाय, कॅमेऱ्याचं झाकण नीट लावत जा. लग्नं उरकून पाटणच्या बाजूनं मोटारसायकलवर रात्री-अपरात्री एकटा कितीदा आलो, कधी काही आडवं गेलं नाही. त्यामुळं आपल्याच दुकानात, भरदुपारी, पंख्याखाली बसून भीतीनं घाम फुटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याची चेष्टाच केली असती.

१९९९ चा उन्हाळा. इस्लामपुरात स्टँडकडून साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. वर आम्ही, खाली खताचं दुकान. दोन कम्प्युटर घेतले होते. पुढच्यावर मी फोटो स्कॅन करायचो, मागच्यावर माझी बायको रेखा ते दुरुस्त करायची. दोन्ही मशीन केबलनं जोडलेली. पुढच्या मशीनमधली फोल्डर 'शेअर' केलेली, म्हणजे मी फाइल टाकली की रेखाला जागेवरून मिळायची. लग्न, बारसं, पासपोर्ट... आणि एक फोल्डर 'हार'.

हार म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो. आमच्या भागात कम्प्युटरला सगळ्यात जास्त काम त्याचंच. माणूस गेलं की घरच्यांना आठवतं, अरे, ह्यांचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो येतो. त्यातून तेवढं माणूस कापायचं, शेजाऱ्याचा खांदा पुसायचा, अंगात कोट घालायचा, डोक्याला फेटा, मागं निळं आभाळ. तेराव्याच्या आत फ्रेम तयार. रेखाचा नियम होता — जिवंत माणसाचा फोटो त्या फोल्डरमध्ये चुकूनसुद्धा पडता कामा नये. मी तिला हसायचो, पण नियम पाळायचो.

माझी थोरली बहीण, अक्का, इस्लामपूरजवळच्याच खेड्यात दिलेली. दाजी फौजेत. त्या उन्हाळ्यात ते वर बर्फात होते आणि बॉर्डरवर गोळीबार चालला होता. सासरी फोन नव्हता, त्यामुळं दाजींचा फोन यायचा तो माझ्या दुकानात. बरेच दिवस फोन नव्हता. अक्का जेवणं उरकली की एस.टी.नं यायची, फोनशेजारच्या स्टुलावर बसायची आणि शेवटच्या गाडीनं परत जायची. बोलायची कमी. आम्हीही काही विचारायचो नाही.

एका दुपारी मागून रेखाची हाक आली, "आवं, हारमधी ही फाइल तुमी टाकली का?"

मी उठून मागं गेलो. स्क्रीनवर दाजी. जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी, मागं बर्फ. दाढी वाढलेली, पण हसतायत. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. मनगटापर्यंतच हात, त्याच्यापुढं पांढरं. आम्ही माणूस कापतो ना, अगदी तसं कापलेलं.

हा फोटो मी स्कॅन केलेला नव्हता. दाजींचा तिकडचा एकही फोटो आमच्याकडं आलेला नव्हता. रेखानं फाइल डिलीट केली. दुसऱ्या मशीनवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही, कायमचं जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल परत तिथंच होती.

सांगलीहून मिलिंदला बोलावलं. आमची मशीन त्यानंच बसवली होती. बौद्धवाड्यातला पोरगा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, देव-भूत असल्या गोष्टींना माझ्यापेक्षा जास्त हसणारा. कुणाचा फोटो ते मी त्याला सांगितलं नाही. त्यानं बघितलं आणि मलाच झापलं.

"दादा, शेअरिंगला पासवर्ड न्हाई, फुल ॲक्सेस दिलाय. आन ह्याच मशीनवर इंटरनेट लावताय. ही एकशेएकोणचाळीस नंबरची पोर्ट. पोर्ट म्हंजे मशीनचं दारच समजा. तुमची दोन मशीनं ह्याच दारानं फायली देत्यात-घेत्यात. फोन लावून इंटरनेट चालू केलं की त्येच दार सगळ्या जगाला उघडं. कोनबी यावं, काय बी ठिवून जावं."

माझ्या जिवात जीव आला. कुणीतरी लांबचा रिकामटेकडा चाळे करतोय... दाजींचा फोटो त्याला कुठून मिळाला, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही. मिलिंदनं इंटरनेटच्या बाजूनं शेअरिंग बंद केलं, पासवर्ड घातला, फाइल उडवली. वर मोडेमची वायरही काढून ठेवली. "आता कोन येतंय बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्का आली तेव्हा मी खाली खतवाल्याशी बोलत होतो. वर आलो तर ती माझ्या खुर्चीमागं उभी, स्क्रीनवर दाजी. रेखा बाजूला भिंतीला टेकून उभी होती. फाइल परत आली का बघायला तिनंच उघडली होती आणि मागं अक्का येऊन थांबली हे तिला कळलंच नव्हतं.

"कवा काढला रं ह्यो फोटो?" अक्काच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. "लय वाळल्याती. मला का दावला न्हाईस?"

मग तिची नजर स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर गेली. अक्का सातवी शिकलेली. फोल्डरचं नाव तिला वाचता येत होतं, आणि आपल्या सासऱ्यांचा फोटो तिनं ह्याच फोल्डरातून करून नेला होता. तिनं पदर तोंडाशी धरला. रडली नाही. मला म्हणाली, "बाळू, खरं सांग. तार आलीया का?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तरी तिला ते पटलं असं मला वाटत नाही.

मिलिंदला तातडीनं परत बोलावलं. या वेळी त्याला सगळं सांगितलं. त्यानं दोन मशीनमधली केबलच उपटली. मोडेम नाही, केबल नाही... पुढचं मशीन आता एकटं, टेबलावर ठेवलेल्या रेडिओसारखं. विंडोजमध्ये तेव्हा नेट वॉचर म्हणून एक प्रोग्रॅम असायचा. आपल्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आत्ता कोण शिरलंय ते त्यात दिसतं. मिलिंदनं तो लावला. म्हणाला, "आता हितं कायच दिसनार न्हाई. रिकामं ऱ्हाईल."

रिकामं नव्हतं. एक ओळ होती. कम्प्युटरच्या नावाची जागा कोरी. समोर उघडलेलं फोल्डर — हार.

मिलिंदनं त्याला बाहेर काढायची कमांड दिली. ओळ गेली. तो, मी आणि रेखा बघत राहिलो. ओळ परत आली.

त्यानं टेबलाखाली वाकून केबल हातात धरून बघितली, खरंच निघालीय ना म्हणून. निघालेलीच होती. "दादा, बटन बंद करा," एवढंच म्हणाला. रेखानं आणलेला चहाही न घेता बॅग उचलून निघून गेला. मी थेट भिंतीतला प्लगच ओढला. खाली रस्त्यावर ट्रॅक्टर जात होते, माणसं बोलत होती, आणि मला माझ्याच दुकानात उभं राहवेना.

ते मशीन मग बंदच ठेवलं, स्कॅनर मागच्याला जोडला. फोन वाजला की अक्का स्टुलावरून उठायची, पण उचलायची नाही. मी उचलायचो आणि तिच्याकडं न बघता 'हॅलो' म्हणायचो. शेवटी एक दिवस पलीकडून दाजींचा आवाज आला. धडधाकट होते. अक्का फोन कानाला धरून नुसती रडत होती.

पावसाळा संपताना दाजी सुटीवर आले. ट्रंकेतून एक रोल काढून माझ्या हातात दिला. डेव्हलप न केलेला, वर बर्फात काढलेला. "सांबाळून कर. त्यात संत्याचा फोटो हाय," म्हणाले. संत्या मेढ्याकडचा, त्यांच्याच तुकडीतला, जिवाभावाचा मित्र. फोटो काढल्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. त्याच्या आईनं फोटो मागितला होता.

सांगलीच्या लॅबमधून प्रिंट आल्या. बर्फात दोघं शेजारीशेजारी, संत्याचा हात दाजींच्या खांद्यावर. तोपर्यंत ही फिल्म जगात कुणीही धुतलेली नव्हती. रेखानं मागच्या मशीनवर संत्याला कापून वेगळं केलं. त्याला उचलल्यावर स्क्रीनवर जे उरलं, ते बघून ती खुर्ची मागं सारून उठली. दाजी, बर्फ, खांद्यावर मनगटापासून तुटलेला हात, पुढं पांढरं. तीच फाइल. आम्ही तिला हाराचा फोटो समजलो होतो. ते हाराचा माणूस, म्हणजे संत्या, काढून घेतल्यावर मागं राहिलेलं होतं.

फोटो न्यायला संत्याची आई मेढ्याहून आली. दाजी आणि अक्काही होते. फ्रेम हातात घेऊन ती बराच वेळ बघत बसली. एकटा संत्या, मागं निळं आभाळ. मग तिनं टेबलावरची मूळ प्रिंट उचलली.

"भाऊ, मला ह्योच द्या. दोगांचा. येकटं ऱ्हायाची सवय न्हाई त्याला."

गेलेल्याच्या फोटोत जिवंत माणूस ठेवून तो भिंतीला लावायचा? मी अक्काकडं बघितलं. म्हातारीला ते कळलं. ती उठून अक्काजवळ गेली. "हार घालनार न्हाई मी, बाई. तुज्या कुक्वाची आन हाय."

अक्कानं मान हलवली. "द्या त्यास्नी."

पुढं ते मशीन परत लावलं, पण ती फाइल पुन्हा कधी आली नाही. मिलिंद आज मोठ्या कंपनीत नेटवर्क बघतो. विषय काढला की म्हणतो, केबल काढलेल्या मशीनवर ती ओळ दिसूच शकत नाही. मला माहितेय. मीही तेच म्हणतो. पण ती आम्ही तिघांनी पाहिली.

दाजी पेन्शनवर आलेत, शेती बघतात. दर दिवाळीला मेढ्याला जाऊन म्हातारीला भेटून येतात. आल्या आल्या अक्का एकच विचारते आणि दाजी सांगतात, न्हाई, हार न्हाई. पण म्हातारी आता फार थकलीय. कधीकधी माणसं ओळखत नाही. परवा अक्का मला म्हणाली, "बाळू, तिच्या मागं त्या घरात कोन येनार? फौजेतल्या गेलेल्या पोराचा फोटू हाय, आन हार न्हाई, म्हनून कुनी चांगल्या मनानंच घातला तर रं?"