बंद काच, प्रभाआत्या आणि खडवलीची नदी

"माझ्या बाजूची काच खाली पायजे. नायतर मी येत नाय."

प्रभाआत्याची एवढीच अट होती. ती मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. डोंबिवलीजवळ त्यांच्या जुन्या शेतावर उठलेल्या इमारतीत राहते. तिथल्याच लिफ्टमध्ये ती एकदा अडकलेली, तेव्हापासून बंद जागेत तिचा जीव घाबरा होतो. पण तिची बालमैत्रीण वेणूमावशी खडवलीला असते आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून वेणूमावशीला प्रवास जमत नाही. दोघींची भेट कित्येक दिवस फोनवरच चाललेली. शेवटी मंदार म्हणाला, "आपली व्हॅन आहे की. आपणच नेऊ."

व्हॅन म्हणजे आमची जुनी, सरकत्या दारांची सात सीटर. रविवारी सकाळी ठाण्याहून मुंब्र्यामार्गे निघालो. हाच रस्ता घेणार असाल तर लवकर निघा, शीळफाट्याला ट्रकची रांग लागायच्या आत. तिथे चहा घेताना गाडीची सगळी लॉक आपोआप खटखट वर-खाली झाली. "गंमत करतेय गाडी," मंदार म्हणाला, आणि मीही हसण्यावारी नेलं.

डोंबिवलीला आत्याला घेतलं, पुढे डावीकडे बसवलं. काच अर्धी खाली, तिच्या मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा. कल्याण ओलांडलं, टिटवाळ्याचा रस्ता लागला आणि धूळ उडायला लागली म्हणून तिने काच क्षणभर वर घेतली. ती परत खाली येईना. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तेवढ्यात लॉकही खट्कन बसलं.

आत्या दाराची कडी ओढत सुटली. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मंदारने गाडी बाजूला घेतली आणि धावत जाऊन बाहेरून चावीने तिचं दार उघडलं. ती उतरून एका झाडाखाली बसली. मी तिला पाणी दिलं.

थोड्या वेळाने ती शांतपणे म्हणाली, "मंदार, मना रिक्षात बसवून दे. मी घरी जाते. वेणूला सांग, बरं नव्हतं."

"दहा मिनिटं दे आत्या. नाही जमलं तर रिक्षा."

आधी काचा बंद ठेवणारं मुलांसाठीचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहिलं. नव्हतं. मग स्टिअरिंगखालचा फ्यूज बदलला. तरीही काच ढिम्म. मंदार आपलं दार उघडंच ठेवून पुस्तिका चाळत होता. मी सहज आत्याच्या बाजूचं बटण दाबलं आणि काच सुरसुरत खाली आली. त्याने दार लावलं, काच मेली. उघडलं, चालली.

"दारात काहीतरी तुटतंय," मी म्हटलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीपाशी एक काळी रबरी नळी असते. सगळ्या काचांच्या आणि लॉकच्या वायरी तिच्यातूनच दारात जातात. ती सरकवली तर आत एक वायर तुटलेली, दुसरी उघडी पडलेली. वर्षानुवर्षं दार उघडून-मिटून दोन्ही झिजल्या होत्या. दार उघडलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकत होती, एवढाच तो चमत्कार. मंदारने बॅटरीची वायर काढली, टोकं सोलून पिळली, दोन्हीवर वेगवेगळी टेप गुंडाळली. मग बॅटरी जोडून आपलं दार लावलं.

"आत्या, बटण दाबून बघतेस?"

ती उठून आली. आपल्या बाजूचं दार उघडं ठेवून कडेला टेकली आणि दाबलं. खाली. वर. खाली. मग आत बसून तिने स्वतःच दार ओढून घेतलं आणि पुन्हा काच वर-खाली केली. आम्ही दोघं बाहेर उभे.

"चला," ती म्हणाली. "वेणू जेवायची थांबली असंल."

खडवलीला वेणूमावशी काठी टेकत ओट्यावर उभी होती. आत्याला बघून म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं." आत्या म्हणाली, "आरशात बघ आधी." आणि दोघी रडायला लागल्या.

मावशीला भातसा नदी बघायची होती, पण काठाचा उतार तिला झेपणारा नव्हता. मग तिला व्हॅनमध्ये बसवून गाडी काठावर जाईल तिथवर नेली. दोघी मैत्रिणी मधल्या सीटवर, सरकतं दार सताड उघडं, समोर पाणी. भाकरी-चटणी तिथेच खाल्ली. पोहायला जाणाऱ्यांनी मात्र सांभाळा, नदी वरून दिसते तेवढी उथळ नाही.

संध्याकाळी वेणूमावशीला आम्ही दोघांनी उचलून परत ओट्यावर बसवलं. परतताना आत्या झोपली. तिची काच उघडीच होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या इलेक्ट्रिशियनकडून वायरी नीट सोल्डर करून घेतल्या. तुमच्याही गाडीच्या काचा कधी चालत, कधी बंद पडत असतील तर मोटर बदलण्याआधी ती रबरी नळी उघडून बघा. खर्च एका बऱ्या जेवणाइतका आला. संध्याकाळी मी व्हॅन झाडायला घेतली तर मधल्या सीटखाली वेणूमावशीची एक चप्पल निघाली. आत्याला फोन केला.

"ठेव तशीच," ती हसत म्हणाली. "आता जावंच लागल."