पलटणमामांची भीती

पलटणमामा काळ्या छापाचं कापड शिवत नसत. पांढऱ्यावर काळी फुलं असोत की पिवळ्यावर काळे ठिपके, ते घडी उलगडून बघत आणि तशीच परत सरकवत. मी त्या गावात शिक्षिका म्हणून नवीनच रुजू झाले होते. महालक्ष्म्यांच्या सणासाठी परभणीहून हौसेनं आणलेलं ब्लाउजचं कापड त्यांच्यापुढं ठेवलं, तर म्हणाले, "बाई, ह्ये माझ्याच्यानं होत न्हाई. पांढरं आणा, एका दिसात शिवून देतो."

गाव गंगाखेडपासून एसटीनं तासाभरावर. तिथं आणखी एक शिंपी होता, काळ्या छापाचं सगळं काम त्याच्याकडं जायचं. इंग्रजांच्या काळात मामा नगरला जाऊन पलटणीत शिंपी म्हणून भरती झाले होते, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं. पलटणीत राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणायचे आणि विषय तिथंच संपायचा.

मला त्याचं कारण कळलं ते मुलांच्या गणवेशांची मापं घ्यायला ते शाळेत आले तेव्हा. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून चहा पीत होते. मी सहज विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"लढाई सपली आन् आमच्या पलटणीला जपानात धाडलं. बॉम्ब पडलेलं शहर आमच्या छावणीपासून जवळ व्हतं. धुणं न्यायला तिथली एक बाई यायची. एकदा गठुडं उचलायला वाकली, तर मानंखाली पाठीवर फुलं दिसली. मला वाटलं, गोंदलंय. दुभाष्या म्हनला, न्हाई, त्या दिवशी अंगावर जे लुगडं व्हतं त्याची नक्षी हाय ती. पांढऱ्याखालचं कातडं वाचलं, काळ्या फुलाखालचं जळलं." मग हलक्या आवाजात म्हणाले, "कापड शिवणारा माणूस मी, बाई. इतका पक्का छाप जन्मात पायला न्हाई."

आदल्या दिवशीचा पेपर दुपारच्या एसटीनं गावात यायचा. मामांची नजर अधू झाली होती, म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांना तो वाचून दाखवू लागले. पीकपाणी, राजकारण, कशातच त्यांना रस नसे. "आता आनखी कोन?" एवढंच विचारायचे. कुठल्या देशानं बॉम्ब केला, कोण करतोय, कोण करणार नाही म्हणून सही करतोय, ते पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. "आधी एकाच्याच घरात व्हता. त्याच्या भ्यानं दुसऱ्यानं केला, दुसऱ्याच्या भ्यानं तिसऱ्यानं. आपणबी वाळवंटात उडवून पायला. आता शेजारी लपूनछपून करायलाय म्हनतेत. समदं भ्यानं वाढायलंय ह्ये."

"मामा, आपल्या गावावर कोण कशाला टाकतंय बॉम्ब?" मी हसून म्हणाले.

"त्या बाईलाबी तसंच वाटलं आसंल," ते म्हणाले.

त्यानंतर माझं हसू गेलं. प्रार्थनेच्या वेळी मुलं ओळीनं डोळे मिटून उभी असायची. वरून विमान गेलं की माझा आवाज अडखळायचा आणि मी पोरींच्या फ्रॉकांचे रंग बघत राहायचे.

एके वर्षी परभणीच्या काही मंडळींनी सह्यांची मोहीम काढली. ज्यांच्याकडं बॉम्ब आहेत त्यांनी ते मोडावेत, ज्यांच्याकडं नाहीत त्यांनी करू नयेत, आपणही करू नये, असा अर्ज दिल्लीला पाठवायचा होता. मामांनी त्यातला एक कागद मागून आणला आणि सगळ्यांत आधी दलित वस्तीत गेले. तिथं एक म्हातारी भावाकडं राहायची. नामांतराच्या दंगलीत दुसऱ्या गावातलं तिचं घर जाळलं होतं. अर्ज ऐकून तिनं विचारलं, "आगीच्या इरोधात हाय ना? मग पैला आंगठा माझा."

तोच कागद मामांनी चावडीपुढं आणला. वरची नावं वाचून दोघाचौघांनी तोंडं फिरवली. एक जण म्हणाला, "आमच्यासाठी दुसरा कागद काढा, मामा. त्यांच्याखाली आमी सही करावं व्हय?"

मामांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "बॉम्ब दोन पडणार हायत का? एक गावाला आन् एक वस्तीला?"

मग एकानं पेन घेतलं, त्याच्यामागून दुसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत कागद भरत आला. त्यात माझीही सही होती.

आठवडाभरानं एक जीप आली. दोन अनोळखी माणसं चावडीत बसून सह्या कुणी गोळा केल्या एवढंच विचारून गेली. दिवस मावळेपर्यंत गावभर झालं की नावं पोलिसांत जाणार, पेन्शनी बंद होणार, नोकऱ्या जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मामांच्या दुकानापुढं नाव खोडायला माणसं उभी. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, सरकारी नोकरी आहे, विचार करा." माझ्या पगारावर घरातली पाच माणसं जेवत होती. मीही गेले.

मामांनी काही न विचारता पेन पुढं केलं. माझ्या नावावरून मी एक रेघ ओढली. मान वर होईना. म्हातारीचा अंगठा वर तसाच होता, तो खोडायला कुणी आलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, नवा कागद करून उरलेलीच नावं पाठवा ना."

"न्हाई बाई, ह्योच जाणार. खोडलेली नावंबी वाचता येतेत. भ्यालेली माणसंबी मोजू द्या त्यांना."

गंगाखेडला जाऊन त्यांनी कागद रजिस्टर पोस्टानं धाडला. उत्तर आलं नाही. जीपही परत आली नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी जिंतूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेले आणि त्या रेघेबद्दल माफी मागितली. मामा म्हणाले, "भ्यायला काय लाज न्हाई. मी रोज भितो. पण कशाला भ्यायचं, ते आपलं आपण ठरवावं. दुसऱ्याला ठरवू देऊ न्हाई." दोन वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. एका मे महिन्यात आपल्या देशानं वाळवंटात पुन्हा स्फोट केले. जिंतूरला आमच्या गल्लीत फटाके वाजले. शेजारचे मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "घ्या बाई, तोंड गोड करा. आता कुणाला भ्यायचं काम नाही."

गल्लीतली सगळी माणसं तिथं उभी होती. मी म्हटलं, "मला भीती वाटतेय."

सगळे हसले. मी परत म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.