महालक्ष्म्यांच्या आराशीत माझा जपानी हिरो

मंडळी, आज डोकं फिरलंय.

जपानी मालिकांतल्या, पृथ्वीचं रक्षण करणाऱ्या माझ्या डोंगराएवढ्या हिरोचा वीतभर पुतळा बायकोनं न विचारता महालक्ष्म्यांच्या आराशीत, खेळण्यांच्या रांगेत मांडला. इथवर ठीक. पण हर्सूलच्या आत्यानं देव समजून त्याच्या छातीवरच्या निळ्या दिव्यालाच कुंकू लावलं.

तो दिवा लाल झाला म्हणजे हिरोची ताकद संपत आली, हे मी या घरात वर्षानुवर्षं सांगतोय.

पुसायला गेलो तर आत्या कडाडली, "हात नाय लावायचा! महालक्ष्म्यांपुढचं कुंकू पुसत नसतेत."

"आत्या, तो मरतोय!"

"सणाचं असलं बोलू नाय. पुरणपोळी खा."

आता विसर्जनापर्यंत पृथ्वी वाऱ्यावर, आणि येणारी प्रत्येक सवाष्ण त्याच दिव्यावर आणखी कुंकू लावतेय.

तुमची आवड तुमच्या घरात कुणी निदान ऐकून तरी घेतं का?