आईला बाहेर बसवू नका

खांडबाऱ्याच्या तपासणी शिबिरात असताना केंद्रातल्या शिपायाचा फोन आला, "दादा, आपल्या बाई गयात…" त्याला आता दीड महिना झाला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो मरणावर नाही.

शालिनीबाई मूळच्या कोरीटच्या, शेतकऱ्याघरच्या. ज्या मुलांना बोलायला अडचण येते त्यांच्यावर उपचार कसे करायचे, हे त्यांनी पुण्यात वर्षानुवर्षं शिकवलं आणि मग ती नोकरी सोडून नंदुरबारच्या केंद्रात आल्या. मी त्यांचा इथला पहिला विद्यार्थी, आणि पहिल्याच महिन्यात मी शेण खाल्लं. सातपुड्यातली सहा वर्षांची एक मुलगी आली होती. आईने उत्तरं सुचवू नयेत म्हणून नियमाप्रमाणे आईला बाहेर बसवलं आणि चित्रं दाखवून शाळेतल्या मराठीत प्रश्न विचारले. पोरगी गप्प. मी शेरा मारून मोकळा झालो, 'मतिमंद'. बाईंनी कागद वाचला आणि भडकल्या. भडकल्या की त्या अहिराणीवर यायच्या. "तोंड त्या पोरनं बंद शे का तुन्हा कान?" त्यांनी आईला आत पाठवलं, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि स्वतःही दाराआड उभ्या राहिल्या. आत त्या मुलीची पावरीत, म्हणजे तिच्या घरच्या बोलीत, कुठल्याशा बकरीची तक्रार सुरू झाली ती थांबेचना. मला त्यातलं 'बकरी'च्या पुढे काही कळत नव्हतं… आणि मी तिला मंद ठरवून बसलो होतो.

ती मुलगी साध्या शाळेत गेली. पण प्रत्येक तपासणीला आई आत हवी, हा बाईंचा अर्ज केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर वर्षानुवर्षं धूळ खात पडला. शोकसभेत हेच साहेब गहिवरून म्हणाले, "बाईंचं कार्य पुढे नेऊ." आणि मागच्या आठवड्यात शिबिरात मला म्हणाले, "बाईंचा हट्ट बाईंबरोबर गेला. आया बाहेर. दुपारपर्यंत साठ पोरं उरका." लाज कशी वाटत नाही या माणसांना!

मी उरकली नाहीत. संध्याकाळपर्यंत अकरा मुलं झाली, प्रत्येकाची आई शेजारी. दुसऱ्या दिवशी नोटीस हातात पडली, खुलासा करा.

काल बाईंच्या खोलीत गेलो. तिथे आता टेबल-खुर्च्या टाकल्यात. त्या भिंतीला सारल्या, त्या आई-मुलांना घेऊन जिच्यावर बसायच्या ती कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली सतरंजी अंथरली आणि तिच्यावर बसून खुलासा लिहिला. 'अकरा मुलांची तपासणी झाली. उरलेल्यांपैकी कोणालाही मी मंद ठरवलेलं नाही. त्यांच्या आया आत बसतील, तेव्हा त्यांची तपासणी होईल. कळावे.'