बाजूची सीट

नट कसून झाला की तो त्यावर अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ज्यानं कसला, त्यानंच खोला लागते."

अकोल्यात एका जिनिंगच्या गाडीखान्यात आम्ही दोघे फिटर होतो. कापसाचा हंगाम संपला की ट्रक ओळीनं उभे राहत आणि दुपारच्या पाळीत काम नसे. हात रिकामे असले की फिटर माणूस चांगली वस्तूही खोलून बसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यानं चौकीदाराची सायकल कितीदा खोलली असेल, देव जाणे.

"भाऊ, कालपर्यंत चालून राह्यली होती ना," चौकीदार कळवळायचा.

"चालून राह्यली होती. पण कण्हत होती."

एकदा त्यानं कसलेला नट मी सोडवला. त्यानं माझ्या हातून पाना घेतला, नट पुन्हा जागेवर कसला, मग स्वतः खोलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आता घे."

मी भडकलो. "डोकस्यावर पडला का बे?"

"तू तं तापूनच राह्यतं, शेटजी. रेडिएटरात पाणी टाकत जाय."

शेटजी म्हणजे मी. चहावाल्याशीही घासाघीस करायचो, म्हणून. त्याच जिभेच्या जोरावर एका भंगारवाल्याला रडकुंडीला आणून मी मिल्ट्रीची मोडकी जीप मिळवली होती. नोकरी सोडायची आणि अकोला-दर्यापूर रस्त्यावर स्वतःची गाडी चालवायची, एवढंच डोक्यात होतं. पण चालवणारा एक आणि इंजिन जिवंत ठेवणारा एक, असे दोघे हवेत. दुसरा तोच.

तो सारा उन्हाळा आम्ही गाडीखान्याच्या कोपऱ्यात ती जीप पुन्हा जोडून उभी करत होतो. मी रोज विचारायचो, "माह्यासंगं येतं का? अर्धी जीप तुही."

"पाहू ना."

'नाही' म्हणणाऱ्याला वळवणं मला जमतं. 'हो' म्हणणाऱ्याला बांधून ठेवणंही जमतं. 'पाहू ना' म्हणणाऱ्याचं काय करतात, ते मला आजही कळलेलं नाही.

शेवटच्या दिवशी फक्त ड्रायव्हरच्या बाजूला बसणाऱ्याची सीट राहिली होती. ती त्यानं स्वतःच आणली, स्वतःच बसवली आणि पान्याला लोंबकळून नट कसले. मग मला इंजिन सुरू करायला लावून तिच्यावर बसला. जीप जागीच थरथरत होती आणि तो समोरच्या भिंतीकडे रस्ता असल्यासारखा पाहत होता.

"बरं वाटते," म्हणाला.

तुम्ही काय समजला असता? मीही तेच समजलो. दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. तो मात्र कामावरच आला नाही. अमरावतीला गेला, एवढंच कुणीतरी सांगितलं.

पुढे काही वर्षांनी अमरावतीच्या राजापेठेत तो अचानक दिसला. मी जीप त्याच्या अंगावर जाईल अशी थांबवली. त्यानं आधी खाली वाकून सीटच्या नटावर अंगठा फिरवला.

"ढिला नाही झाला."

"काहून नाही आला बे?"

तो हसला.

"मंग खोल हे सीट," मी ओरडलो. रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. "तूच कसली ना? खोल."

"पाना नाही माह्यापाशी, शेटजी."

पाना माझ्याच पायाशी पडलेला होता. त्याला तो दिसत होता. मलाही दिसत होता. मी काही तो उचलून दिला नाही, त्यानंही मागितला नाही. मग तो गर्दीत निघून गेला आणि परत कधी दिसला नाही.

परवा जीप भंगारात दिली. भंगारवाल्याचा माणूस ती सीट काढायला बसला, घामाघूम झाला, तरी नट हलेनात. "छिन्नीनं तोडू का?" त्यानं विचारलं.

मी त्याच्यावर उगाच खेकसलो. काय म्हणालो, तेही नीट आठवत नाही. सीटसकटच गेली जीप. वळणापर्यंत ती रिकामी सीट दिसत होती.

त्यानं ती स्वतःसाठी कसली होती, की मला दुसरा कुणीतरी मिळावा म्हणून?