सायंटिस्ट आप्पांची कोरडी बोअर

निपाणीच्या बाजूला, तंबाखूच्या रानांत वसलेल्या त्या गावात जिनेंद्र बोरगावेंना सगळे 'सायंटिस्ट आप्पा' म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे चेष्टेनं. बेळगावला राहून भूजलाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेला हा माणूस रिटायर होऊन गावी आला, तो एकच खूळ घेऊन: जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं. वरच्या आळीत ज्याच्या त्याच्या रानात बोअर आणि हिरवागार ऊस, खालच्या आळीत टँकरपुढं घागरींची रांग. आप्पांना ते बघवेना. घसा फोडफोडून त्यांनी गावाला एका गोष्टीला तयार केलं. खालच्या आळीत सगळ्यांची मिळून एक बोअर मारायची, तिला पाणी लागलं की वरच्या बोअरसुद्धा गावकमिटीकडं द्यायच्या. जागा आप्पांनीच यंत्र लावून दाखवली. वर "हितं पाणी न्हाय लागलं तर माझं नाव बदला," असंही बोलून बसले. शिकल्यासवरल्या माणसानं असं बोलावं का? पण बोलले खरे.

बोअर मारली. वर आला तो नुसता फुफाटा.

लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. लगेच ग्रामसभा लागली. सभेला निघताना बोअरचा मशीनवाला आप्पांच्या कानाला लागला, "साहेब, मशीन बिघडलं म्हणून सांगा की." सुटका सोपी होती. आप्पांना मोह झाला नाही असं नाही. वाटेत ते वाक्य त्यांनी मनात घोळवलंही. पण सभेत पुढंच मालुबाई बसली होती. खालच्या आळीतली. आप्पांच्या शब्दावर तिनं आपलं अंगण बोअरला दिलं होतं. तिच्या तोंडावर खोटं बोलणं त्यांच्यानं होईना.

"माझं चुकलं," आप्पा उभे राहून म्हणाले. "मशीन चांगलं हुतं. जागा मी चुकीची दाखवली, आन् वर बढाई मारली."

सभेत खसखस पिकली. गावातली सगळ्यात खोल बोअर ज्यांची, ते आण्णासाहेब मगदूम पुढं सरसावले. "मग झालं की. शास्त्रबी कोरडं, तुझा समाजवादबी कोरडा. कमिटी मोडा. ज्याचं पाणी त्याला."

"उलट हाय, आण्णा. एवढं शिकून मी चुकतो, तर तूबी चुकशील. एकट्याच्या हातात पाणी असलं की त्याच्या चुकीपायी सगळं गाव तहानतं. सगळ्यांच्या हातात असलं की कुणीतरी म्हणतं, आप्पा, जरा थांबा. म्हणून पाणी सगळ्यांचं पायजे. मी शहाणा हाय म्हणून न्हाय."

"लई ग्वाड बोलतोस. मग तुमच्या परड्यातली हीर? वैशाखातबी आटत न्हाय ती. तिच्यात मालुबाईची घागर कधी बुडाली?"

सगळं गाव आप्पांनी यंत्रानं धुंडाळलं, स्वतःचं परडं सोडून! काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. विहीर होती थोरल्या बहिणीच्या, प्रेमलाआक्काच्या ताब्यात, आणि आक्का जैन धर्माला कडक. पाणी फडक्यातून गाळायची आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. परक्यांना हे जमायचं नाही, म्हणून परड्याच्या दाराला कायमची कडी. त्यात काही वावगं आहे असं आप्पांना उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. आता शरमेनं त्यांची मान वर होईना.

"हेबी माझंच चुकलं," ते म्हणाले, आणि बायकांत बसलेल्या बहिणीकडं त्यांनी पाहिलं. "पण हीर माझ्या एकट्याची न्हाय. आक्का, तू सांग."

आक्का मालुबाईकडं वळली. "पाणी गाळून घेशील? जिवाणी परत हिरीत सोडशील?"

"दावा की," मालुबाई म्हणाली. "तुमी कधी दावलंच न्हाय."

आक्काचा चेहरा उतरला. "उद्या घागर घेऊन ये," ती म्हणाली. "आळीतल्या सगळ्याच या."

आप्पांच्या जिवात जीव आला. "आमची हीर झाली. आण्णा, आता तुझ्या बोअरचं बोल."

आण्णासाहेबांनी आभाळाकडं बघितलं. दिवस बुडायला आला होता, आणि दिवस बुडाल्यावर त्यांच्या नि आप्पांच्याही जैन घरांत कुणी अन्नाला शिवत नाही. सभेतून उठायला याहून चांगली सबब कुठली? "जेवायची वेळ झाली," ते उठत म्हणाले. "फुडच्या सभेला बघू."

आक्काचंही जेवण घरी तसंच राहिलं होतं, तिचा नेम तर त्यांच्याहून कडक. तिनं पदर सावरला आणि नीट मांडी घातली.

"बस रं आण्णा," ती म्हणाली. "आज आपल्या तिघांचंबी जेवण बुडालं."